प्रिझम धरणारा

उलव्यात, सातव्या मजल्यावरच्या गच्चीत
मी चंद्राकडे मोजणीदाराच्या डोळ्यानं बघतोय.
ही इमारत उभी आहे तो प्लॉट माझ्याच वहीतला,
उत्तरेला तेव्हा न झालेला रस्ता.

तेव्हा नुसता चिखल. तिवईवर टोटल स्टेशन,
मी एक डोळा मिटून भिंगाला चिकटलेला,
आणि पाचशे मीटरवर पोशा घरत,
पोटरीभर गाळात, हातात काठी, काठीवर प्रिझम.
"बुडबुडा बघ रे, बुडबुडा!"
तो काठी सरळ करायचा. श्वास धरायचा.
किरण जायचा, यायचा, आकडा उमटायचा.

एकदा डबा खाताना म्हणाला,
"सायेब, काठी जराशी वाकरी झाली
तरी उजेर तुमचेकरंच कसा परत येतं?"
मी सांगितलं, तीन आरसे काटकोनात भेटले
की आलेल्याला आल्या वाटेनंच लावून देतात.
तो जवळ्याची बोटं चाटत म्हणाला,
"म्हंजे आरशाला वळख असते."

चंद्रावरही असेच आरसे ठेवून आलेत म्हणे,
एका पेटीत शंभर.
त्यांच्यावर धूळ. काठी धरायला कोणी नाही.
इथून सोडलेला बारीक किरण
तिथे पोचेस्तोवर अख्ख्या उलव्याएवढा पसरतो,
आणि त्यातला कण परत आलाच तर एखादा,
अडीच सेकंदांनी.
तेवढ्यावर हिशेब: चंद्र दरसाल
पावणेचार सेंटिमीटर लांब जातोय.
नखं वाढतात त्या वेगानं.

पावणेचार सेंटिमीटर!
एवढ्या फरकाला आमचे साहेब फेरमोजणी लावायचे.

मग एका सोमवारी नकाशात
पोशाचं मिठाचं आगर आलं.
म्हटलं, आज दुसरा कोणी धरेल.
ऐकलं नाही त्यानं.
आपल्याच बांधाच्या चारी कोपऱ्यांवर
काठी टेकवून उभा राहिला,
बुडबुडा न सांगता मधोमध.
चार आकडे आले. मी लिहून घेतले.
इतकी नेमकी मोजणी माझ्या हातून पुन्हा झाली नाही.

नंतर तो उरणला गेला म्हणतात, कोणी म्हणतं केळवण्याला.

आताच्या यंत्रांना प्रिझम लागत नाही.
समोरच्या भिंतीवर किरण मारा,
भिंतच अंतर सांगते.
फार लांबचं असेल तर मात्र अजून लागतो.

वॉचमन वर आलाय किल्ली घेऊन,
गच्ची अकराला बंद होते.
आम्ही दोघं लिफ्टनं खाली येतो.
वहीप्रमाणे
आगराचा नैऋत्य कोपरा
इथेच, लिफ्टच्या खड्ड्यात.