छत्तीस

अमरमहलच्या पुलाखाली गाडी उभी.
ऑक्सिजन भरलेला, चादर बदललेली,
मुकादम स्टिअरिंगवर डोकं टेकून.
पहाटेचे साडेतीन.
हातमोज्यांच्या रिकाम्या खोक्याच्या पाठीवर
मी बेरीज मांडते.

आता अठ्ठावीस.
सीईटीला एक वर्ष धरू,
बारावीचं जीवशास्त्र पुन्हा उघडायचं;
बेडकाच्या हृदयाला तीन कप्पे,
एवढंच आठवतंय.
बीएस्सीची चार.
मग वॉर्डात एक,
त्याशिवाय पुढचा अर्ज घेत नाहीत.
मग आयसीयूतली दोन,
आणि शेवटी ते लांबलचक बिरुद,
नर्स प्रॅक्टिशनर.
म्हणजे छत्तीस.

"डॉक्टर होणार?" मुकादमने विचारलं होतं.
नाही.
"मग सिस्टर?"
हो, पण...
तेवढ्यात सिग्नल सुटला,
आणि मला अजूनही
त्या 'पण'च्या पुढचं नीट सांगता येत नाही.

गाडीतली सहा वर्षं कुठे धरायची?
अर्जावर तसा रकाना नाही.
मानखुर्दच्या खड्ड्यांवर
धावत्या गाडीत शिरेत घातलेली सुई,
लिफ्ट नसलेल्या चौथ्या मजल्यावरून
खुर्चीला बांधून उतरवलेली माणसं,
रिक्षा स्टँडमागे जन्मलेली एक पोर,
जिची नाळ मी बांधली,
जिचं नाव मला माहीत नाही.
सगळं मिळून शून्य.

नर्सिंगला रात्रीचं कॉलेज नसतं.
पगार थांबणार.
प्रशिक म्हणाला, "बघू."
त्याच्या 'बघू'त खोलीचा हप्ता असतो,
आणि थोडा मीही असते.
आई काहीच बोलली नाही,
फक्त भिशीतला तिचा नंबर
पुढच्या जूनवर सरकवून आली.

सायनच्या दारात लोपीस सिस्टर
सही करून पेशंट ताब्यात घेतात.
"तिशीनंतर नाइट हाडांत शिरते गं," म्हणाल्या.
मग सहीचं पेन टोपण न लावता हातातच धरून,
"पण ये."

दार दोन्ही बाजूंना झुलतं.
मला फक्त त्याची बाहेरची बाजू पाठ आहे:
कुठे रंग उडालाय,
कुठे स्ट्रेचर घासून खाच पडलीय.
आत गेलेल्यांचं पुढे काय झालं,
ते विचारायला मी दोनदा परत गेले होते.
दोन्ही वेळा खाटेवर दुसरंच कुणी.

वायरलेस खरखरला.
टिळक नगर, पुरुष, छातीत दुखतंय.
मुकादम जागा होण्याआधीच त्याचा हात चावीवर.

वाटेत आजोबांनी एकदाच विचारलं,
"तुम्ही आत येताय ना?"
मी ठोके मोजत होते,
मोजतच राहिले.

स्लिपवर वय लिहिलं: ६३.
लिहिताना हात थबकला.
तेच दोन आकडे,
खोक्यावर एकमेकांकडे पाठ करून बसलेले,
इथे समोरासमोर.
लोपीस सिस्टरांनी सही केली,
दार झुललं.

परत पुलाखाली.
मुकादम फिनेल टाकून गाडी पुसतोय.
मी खोकं उलटं करून
बेरजेखाली उद्याचं काम लिहिते:
दहावीच्या दाखल्यावर आडनाव माहेरचं,
आधारवर सासरचं.
आधी ते एक करून घ्यायचं.
गॅझेटच्या ऑफिसला सुट्टी कधी असते,
विचारायला हवं.