पोटात काही ठेवू नकोस

पोटात काही ठेवू नकोस, मासोझी.
शेवटचं काय खाल्लंस, आणि कधी?
ती सासूकडे बघते.
सासू खिडकीबाहेर, सरोवराकडे.
"काही नाही."
मी थांबतो.
डॉक्टर न्यिरोंगो दारातूनच घड्याळावर बोट ठेवतात:
सायकल-टॅक्सीवरून पडलीय, प्लीहा फाटलीय,
पोट रक्ताने तट्ट होत चाललंय.
तरी मी थांबतो.
"पहाटे दोन घास न्सिमा. सुकी मासळी.
आई म्हणाल्या, उपाशी माणसाला कुठे पाठवू नये."

बरं झालं, बोललीस.
दोन घासांत माणूस बुडतो,
सरोवर लागत नाही.

सक्शन उशीखाली. तिओंगेची बोटं
गळ्याच्या कडीवर घट्ट.
मी म्हणतो, सोडू नकोस, मी सांगेपर्यंत.
नळी उतरते, छाती दोन्हीकडून उचलते,
तेव्हा म्हणतो, सोड.

आता ती माझ्याकडे आहे.
पडद्यापलीकडे तिचं पोट त्यांचं,
अलीकडे हे एवढंसं:
चेहरा, पापण्यांवर चिकटपट्टी,
आणि एक टिक, टिक, टिक,
जो ऐकत ऐकत मी इथे एकवीस वर्षं काढली.
बायको म्हणते, झोपेतही तुझं बोट
चादरीवर ताल धरतं.

रक्तदाब साठ.
रक्ताची एकच पिशवी आहे, तिच्या दिराची.
रक्त कमी, म्हणून औषध कमी करतो,
हृदय तगावं म्हणून झोप पातळ करतो,
गरिबाघरच्या चहात दूध घालावं
तसा बेताबेताने.

मग पट्टीच्या कडेने एक थेंब.

तिला हलता येत नाही, ते मीच काढून घेतलंय.
ओरडता येत नाही, तिथे माझी नळी आहे.
उरला तो हा थेंब.
मासोझी म्हणजे आमच्या भाषेत आसवं.
बापाने हे नाव का ठेवलं
विचारायचं राहून गेलं.
केटामाइन देतो. कानाशी वाकून सांगतो,
कळलं मला, कळलं.
डॉक्टर विचारतात, काही म्हणालास?
मी म्हणतो, तुम्हाला नाही.

वीज गेली, ती जातेच.
ऑक्सिजनचं यंत्र उसासा टाकून गप्प.
तिओंगे टॉर्च धरते पोटावर, मी अंधारात पिशवी दाबतो.
दाब. सोड. दाब.
मॉनिटरचा सूर एक पायरी उतरतो,
आणखी एक.
सिलिंडरची चावी गंजलेली, दातांनी नव्हे एवढंच.
उघडली.
सूर जागेवर यायला किती वेळ लागला ते
मी कागदावर लिहिलंय. खरं लिहिलंय.

प्लीहा बादलीत. शिवण झाली.
सगळ्यांनी हात धुतले.
माझं हात धुवून मागे लागणं आता सुरू.

कारण एकदा, पुष्कळ वर्षांपूर्वी,
एक मुलगा होता, हर्नियाचा, सातेक वर्षांचा.
ऑपरेशन झकास झालं.
व्हरांड्यात ढकलून ठेवला, मी पुढच्याकडे वळलो.
जीभ मागे पडली असणार.
असणार.
त्याच्याजवळ कुणीच नव्हतं,
एवढंच खात्रीने सांगता येतं.

तेव्हापासून हे स्टूल.
एक पाय आखूड आहे, खाली घडी घातलेला पुठ्ठा.
हनुवटी दोन बोटांनी वर धरून बसतो,
आरशावर धरावा तसा तळवा तिच्या नाकापुढे.
ऊब येते. जाते. येते.
खाली कोळ्यांचे दिवे पाण्यात शिरतात,
एकेक मोजावा एवढे लांब लांब.

नर्स म्हणते, जा ना घरी, लुसुंगू, मी आहे.
मी विचारतो, तुझ्याकडे किती जण?
ती म्हणते, एकतीस.
मी स्टूल सरकवून नीट बसतो.

पहाटे मासोझी डोळे उघडते.
नाव सांगते. बोटं दाबते. डोकं उचलून धरते, पाच मोजेपर्यंत.
मी विचारतो, मध्ये काही ऐकू आलं? काही कळलं?
ती बराच वेळ माझ्याकडे बघते.
"नाही," म्हणते. "घसा खवखवतोय."

ती खवखव माझी. तीन दिवसांत जाईल.
ते "नाही" मात्र
मी अजून पोटात ठेवून आहे.