डोळे अजून खाली

चेअरमन गुक यंदा एकाहत्तर वर्षांचे झाले
आणि कंपनीने ठरवलं, आता त्यांनी बाळसं धरावं.

सोलहून एक मुलगा आला, गळ्यात ओळखपत्र,
हातात चौदा पानं.
डोकं धडाच्या दुप्पट. कपाळ मोठं.
डोळे खाली, पार गालांजवळ, आणि एकमेकांपासून दूर.
"अशा चेहऱ्यावर माणसाला रागावता येत नाही," तो म्हणाला,
"तपासून पाहिलंय आम्ही."

मासानची आमची शिवणखोली:
मी आणि बोंग-रये, दोन मशिनं, एक रॉकेलचा हीटर.
पहिला नमुना परत आला: डोळे अजून खाली.
दुसरा परत आला: डोळे अजून खाली.
तिसऱ्या वेळी बोंग-रये म्हणाली,
आणखी उतरवले तर म्हातारा हनुवटीने बघेल.
खूप हसलो. मग शिवलं.

बोटं नकोत, असं नवव्या पानावर होतं.
हात म्हणजे दोन गोल उंडे.
कापूस दाबताना मला ती बोटं आठवत होती,
एकदाच पाहिलेली, गोदीच्या फाटकावर,
मोटारीची काच वर जाताना
काठावर राहिलेली चार, निगुतीने कापलेल्या नखांची.
सही त्यांनीच केली, दोनशे साठ नावांखाली.
माझ्या नवऱ्याचं एकशे बारावं.

उंड्याला पेन धरता येत नाही.
उंड्याने कधी काही केलेलंच नसतं.

तोंड म्हणजे तांबड्या दोऱ्याचे तीन टाके.
लहान तोंडी मोठा घास घेऊ नये
हे आम्हाला शाळेत, फाटकावर, पगाराच्या खिडकीशी शिकवलं.
एवढ्याशा तोंडात अख्खी गोदी मावते
हे शिवताना कळलं.

वसंतात मुख्य कचेरीसमोर
चार मजली बाळ उभं केलं, हवा भरून.
पायाशी संपावरचे लोक, कपाळाला पट्ट्या.
पोरं आयांचे हात सोडून बाळाकडे धावली.
पट्टीवाल्यांनी वाट दिली.
काय करणार? मूल धावत येताना
जो घोषणा देत राहतो, राक्षस तोच दिसतो.

रात्री पंखा बंद केला की ते
आधी गुडघ्यांत मोडतं, मग तोंडावर पडतं.
पहारेकरी ह्वांग सांगतो,
त्या वेळी फोटो काढायला मनाई आहे.

एक बाद नमुना मी घरी आणला.
डोळे पुरेसे खाली नव्हते त्याचे.
आमची नात दान-बी त्याला कुशीत घेऊन झोपते.
नवरा बघतो. बोलत नाही.
पांघरूण मात्र दोघांवरही सारखं करतो.

काल तिने विचारलं, आजी, हा चावतो का?
नाही गं, म्हटलं, याला दात शिवलेच नाहीत.
"मग इतका गुबगुबीत कसा?"

मी सुईत दोरा ओवत होते.
चार वेळा चुकला.