ई-१८०

धोपाव्याहून फेरीबोटीने आलेली रुकय्याबाय होडेकर
पिशवीतून आधी सुके बोंबील काढते,
त्यांच्याखालून चार कॅसेटी.
वास येईल गो, म्हणते,
पण आतलं माझंच आहे.

दाभोळात खाडीचा वारा कशालाच सोडत नाही.
कड्या, कुलपं, शिवणयंत्राची सुई,
आणि कॅसेटीच्या खिडकीतून दिसणारी ही पांढरी बुरशी,
शिळ्या भाकरीवर धरते तशी.

पाच स्क्रू. झाकण. रिळं उचलून
दुसऱ्या, धड कॅसेटीत बसवते.
ही कुणाच्या तरी बारशाची होती,
ती मुलगीच म्हणाली, टाका.
मग स्पिरिटचा बोळा, मोराचं पीस पुसावं तसा.
बोळ्यावर तपकिरी उतरलं की थांबायचं,
कारण तो मळ नसतो,
चित्रच असतं.

व्हीसीआर चिपळूणच्या भंगारातला.
पिवळी, पांढरी, लाल वायर, एक बोटभर डबी,
आणि क्लास बंद पडला तेव्हा
बारांपैकी न विकलेला हा एक कॉम्प्युटर.

किती वेळ?
तीन तासांच्या कॅसेटीला तीन तास.
हिला पळवता येत नाही, बाय.
मग बसते, म्हणते,
आणि चपला काढून, खुर्चीतच मांडी घालते.
खाली जेटीवर फेरीबोट भोंगा देऊन जाते.
ती मान वळवत नाही.

आधी मुंग्या.
मग खालून वर चढणारी एक रेघ.
मी ट्रॅकिंगचं बटण केसभर फिरवते
आणि मस्कतमधली सहा खाटांची खोली उजळते.
दोरीवर लुंग्या. स्टोव्ह. कोपऱ्यात एक्क्याण्णवची तारीख.
कॅमेरा कुणा मल्याळी फोरमनचा, एका शुक्रवारापुरता.
आणि तो, मिशीवाला, सडपातळ,
माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा,
बोलतो, बोलतो, बोलतो.
विहिरीला कठडा घाल.
म्हशीचं काय ठरलं?
सांदणं केलीस की माझ्या नावाची दोन बाजूला काढ.
हा बघ नळ. हा गरम पाण्याचा.
नळ सोडतो, बंद करतो, पुन्हा सोडतो,
जणू तिने हात पुढे करावा.

तेव्हा मुकादमांकडे लावली होती, ती सांगते.
त्यांच्याकडेच होतं यंत्र.
तेवीस माणसं. सासरा पुढ्यात.
मी आत चहा गाळत होते.
आवाज ऐकला सगळा.
तोंड आज बघते.

ओठ आधी हलतात, शब्द मागून.
अर्ध्या सेकंदाचा घोळ. जुळवून देईन, मी म्हणते.
राहू दे, ती म्हणते.
तेव्हा दोन-दोन महिने मागे असायचे.

आणि आता कुठे असतात ते?
घरी. सुपारी सोलतात पडवीत.
दोन हजार चारला आले कायमचे.
ब्लँकेटं आली, मिक्सर आला, दुधाच्या पावडरीचे डबे आले.
बोलणं तेवढं कस्टमवाल्यांनी ठेवून घेतलं.
हसते. मग हसत नाही.

फाईलला नाव काय देऊ?
पदर सारखा करते.
खोक्यावरच्या चिकटपट्टीवर
निळ्या बॉलपेनने पाठवणाऱ्याचं नाव आहे,
तिथे बोट ठेवते.
वाय. बोट सरकतं. ए. क्यू.
मी कळ दाबते, ती स्क्रीनवर अक्षर पडताळते.
पुढे यू, बी.
झालं. तोंडातून न काढता.

दोन तास अकरा मिनिटांवर लाइट गेली.
यूपीएस केव्हाच मेलेला.
पंखा थोडा वेळ आपल्या आठवणीवर फिरला.
मी ओशाळून सांगितलं,
सेव्ह झालेलं नाही, बाय. पहिल्यापासून करावं लागेल.

पहिल्यापासून?
पहिल्यापासून.
तो नळ, ती सांदणं, सगळं?
सगळं.

तिचा चेहरा अंधारात होता, तेव्हा खात्रीने सांगत नाही,
पण उठताना म्हणाली,
घाई नाही हो.
उद्या पहिल्या फेरीने येते.

बोंबील टेबलावरच राहिले.
विसरली असेल. नसेलही.