जोयड्याला निघताना

बंदूक निवडणुकीआधी ठाण्यात जमा केली,
तिची पावती अजून पाकिटात आहे.
तीन निवडणुका झाल्या त्याला,
आणायला गेलो नाही.

पिशवी मात्र तीच काढली, खाकी,
शिवणीत काडतुसांचा वास.
त्यात बॅटरी, जळवांसाठी तंबाखूची पुरचुंडी,
इनासची दुर्बीण (एका काचेला बुरशी),
जाड पायमोजे.
हिने सुकटीच्या चटणीचा डबा दिला,
झाकणाला दोरा गुंडाळत म्हणाली,
"मारूचो नाय, तर रानकोंबो
थंय कर्नाटकात जावन बघूचो कित्याक?
आपल्या काजीत काय कमी आसत?"

आहेत की.
पण शिरोड्यात मी तो
पडतानाच पाहिलाय दर वेळी.
हे तिला बोललो नाही.
म्हटलं, इनासने डिझेल भरलंय,
तीनला किरणपाणीचा पूल ओलांडायचा.

रात्री पडवीत बसून
बापाची करवंटी काढली,
तिच्यातून लोंबणारा दोरा ओला केला
आणि चिमटीत धरून ओढला, तुटक तुटक,
तो शिकवायचा तसा, मादीच्या आवाजात.

खुराड्यातला आमचाच कोंबडा
साडेअकराला आरवला.
आतून ही ओरडली,
"झाला मा दर्शन? निजा आता."

करवंटी जुन्या गंजीत गुंडाळली,
पिशवीत सगळ्यात वर ठेवली.