थोडं आधी

अजमानला, नुऐमियातल्या त्या इमारतीची
लिफ्ट बंद होती. असणारच.
चौघांनी उचलला: मी, परकार, शाजी
आणि वॉचमन, ज्याचं नाव
मला तिसऱ्या मजल्यावर कळलं, मोफिझुल.
काच छातीकडे घ्या, मी ओरडत होतो,
सगळं वजन पुढे असतं याचं,
पाठ म्हणजे नुसतं प्लॅस्टिक.
नव्वद किलो. दर वळणावर टेकवत,
पायाच्या बोटांचा हिशेब ठेवत.

कुणी इंजिनिअर देश सोडून जाताना म्हणाला,
उचलून न्याल तर तुमचा.
परकारच्या झियादला हवा होता.
पोरगा इथलाच जन्मलेला, एकोणीस वर्षांचा,
टीव्ही त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा.

दोन हजार चारला हेच तर करायचो मी.
शारजात सर्व्हिस सेंटरचा निळा शर्ट,
खिशात लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर,
व्हिलाव्हिलांत जाऊन
चित्राच्या वाकलेल्या कडा सरळ करून द्यायचो.
रिमोटची बटणं ठरलेल्या क्रमानं दाबली
की आकड्यांचं एक लपलेलं पान उघडतं.
पुढे सगळी वर्षं एसीत गॅस भरण्यात गेली,
पण अंगठ्याला क्रम पाठ होता.

चालू केला. आधी एक ठप्प,
मग पोटात गुरगुर,
रंग एकदा शहारले आणि जागेवर बसले.
झियादनं हात काचेजवळ नेला,
हातावरचे केस उभे राहिले.
नव्या टीव्हीला हे येत नाही, म्हणाला.

मग त्याचा लाडका जुना डबा, कार्ट्रिजवाला.
ठिपक्यांची बकरी, कडा, दरी.
बकरी दरीत.
पुन्हा बकरी दरीत.
"अंकल, बटण दाबलं होतं मी!"

दाबलं होतंस, खरंय.
हा सेटचा दोष नाही, चांगुलपणा आहे.
दोनशे चाळीस ओळींचं गरीब चित्र आलं
की हा त्याला दारातच थांबवतो,
तोंड धुतो, भांग पाडतो, ओळी वाढवतो,
आणि मग चारचौघांत आणतो.
तोवर बकरी गेलेली.
प्लॅस्टिकची बंदूक तर पार आंधळी.
ती नेम बघत नाही, वेळ बघते,
आणि वेळ इथे कधीच वेळेवर नसते.

ही फट मला माहीत होती.
रोल्लाच्या बूथमध्ये कार्ड खरवडून
मी हॅलो म्हणायचो. काही नाही.
मग माझंच हॅलो परत यायचं,
मग तिचं, माझ्या पुढच्या वाक्यावर चढलेलं.
भांडण तर जमायचंच नाही,
मी चिडलेला असताना
ती अजून मघाच्या विनोदावर हसत असायची.
मुलीच्या पहिल्या दातांचा फोटो पोचला
तेव्हा आणखी तीन आले होते.
शिकलो मग.
तिनं विचारायच्या आत उत्तर द्यायचं.
मागायच्या आत पैसे पाठवायचे.
कसे आहात, हे निघायच्या आत
बरा आहे.

झियादला एवढंच म्हटलं,
दरी दिसायच्या आधी दाब.
"मग ते खेळणं कुठं राहिलं अंकल,
तो अंदाज झाला."
हो, म्हटलं.

नंतर त्यानं दुसरा डबा लावला, डिस्कवाला,
लाल, हिरवी, निळी वायर.
रात्रीचा रस्ता, भरधाव गाडी,
आणि काळा रंग इतका काळा
की खोलीतली ट्यूबलाइट खोटी वाटली.
याच्यासाठी घडवला होता याला.
शाजी तोंड उघडं टाकून झोपला होता.
परकार चहा गाळत होता.
मी हळूच बकरीचा खेळ परत लावला.
एकदाच.
अंगठा आधी गेला, डोळे मागून आले,
बकरी पलीकडे.
"नशीब," परकार आतून म्हणाला.

जिन्यात फोन वाजला.
आता चिपळूण स्वच्छ दिसतं, लगेच दिसतं,
तिच्या मागे भिंतीवरची पालसुद्धा.
बरा आहे, मी म्हणालो.
जेवलो. उद्या पाठवतो.
"अहो," ती म्हणाली,
"माझं वाक्य तरी संपू द्या."