वीसपैकी सतरा

गिरणेचा पूल ओलांडला की टेकडीवर आमचं विद्यापीठ.
सकाळी अर्थशास्त्र, दुपारी माती आणि खडक,
साडेतीनला चपला काढून नाटक.
निंबाआत्या म्हणाली, सोंग तं सारेच करता,
त्याची फी कायची?

पहिलं सत्र ‘ळ’मध्ये गेलं.
जोगळेकर मॅडम तोंड उघडून दाखवायच्या,
जीभ इथे, उलटी, टाळूला, आता सोडा.
आणि आम्ही यावल-रावेरची चार पोरं
केयी, डोया, जयगाव,
खुद्द मॅडमना जोगयेकर.
हसायच्या त्या. हसून पुन्हा टाळू दाखवायच्या.
दिवाळीपर्यंत मला ळ आला.
घरी नेला तर आई म्हणाली,
घसा बसला का तुहा?

दुसऱ्या सत्रात सांगितलं, एक माणूस आठ दिवस बघा
आणि वर्गात घेऊन या.
म्हणजे त्याला नाही. त्याचं चालणं.

मी आत्याला आणलं.
बागेतून गाडीपर्यंत केळीचा घड डोक्यावर,
साडीवर माझ्या बापाचा जुना शर्ट, चिकाने काळा,
ठिबकच्या नळ्या न बघता ओलांडणारे पाय,
आणि मान अशी, की वरून कुणी हाक मारतंय
आणि हिला ओ द्यायची नाही.
बाजारात रिकाम्या हातीसुद्धा ती तशीच चालते.

वर्गात ना घड, ना चुंबळ.
काळा पडदा, पिवळा दिवा, मी.
सात पावलं गेले. आठव्याला
कुणाचा तरी श्वास अडकलेला ऐकू आला
आणि खरं सांगते, मला आवडलं ते.
टाळ्या पडल्या. वीसपैकी सतरा.
वहीत मॅडमचं बारीक अक्षर:
ओझं दिसलं. उतरवलेलं दिसलं नाही.

तीन मार्कांसाठी शनिवारी एसटीने गाव गाठलं.
कापणी चालूच होती. बांधावर बसून राहिले.
आत्या आली, गाडीच्या फाळक्याशी थांबली,
वरून सुपडूने घड उचलून घेतला,
ती वळली.
पुन्हा आली. पुन्हा तसंच.
विचारलं, तू उतरवतेस कधी?
मी कायले उतरवू? वरचा घेतो ना.

घड गेला की तिची मान
बोटभर वर येते, आपली आपण.
तेवढंच.

जेवताना मार्कांचं सांगितलं.
कोणाले भेटले?
मला.
मंग त्यातले आठ माहे, म्हणाली
आणि कळण्याची भाकरी मोडली.
थोड्या वेळाने, कर बरं, पाहू दे.
चुलीपासून मोरीपर्यंत चालून दाखवलं.
घास हातातच ठेवून बघत होती.
हा डावा पाय माहा नाही,
तुह्या बापाचा आहे.

सोमवारी मॅडम म्हणाल्या, दुसऱ्यांदा मार्क नसतात.
म्हटलं, माहीत आहे.
पाय बदलला. अकरा पावलं चालले, थांबले.
आता वरच्याने घ्यायचं असतं
हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं,
आणि बोलायचं नाही हा नियम त्यांचाच.
पंख्याचा आवाज.
मॅडम घड्याळाकडे बघायला गेल्या आणि राहिल्या.
घाम डोळ्यात उतरला.
डोळा म्हणते मी आता, डोया नाही,
झोंबतं तेवढंच.

शिडीवर दिव्याचा पेच आवळत होता
पालचा सिकंदर तडवी.
पेचकस त्याने दातात धरला,
वाकून दोन्ही हात खाली आणले
आणि घेतला.
जड होता, त्याच्या खांद्यांनी सांगितलं.
माझी मान बोटभर

कुठे ठेवू, त्याने विचारलं.